फाटकावरचा हातमोजा

"चहात साखर टाकताना यांचा हात आखडतो, अन् त्या लोखंडाला डोळे बसवायला पुण्याहून माणूस येतोय," दत्तू कपात बघत पुटपुटला.

बोलला तो हातातल्या कपाशीच. पण कॅन्टीनची खिडकी दीड हात रुंद आणि खिडकीच्या आत आशा उभी. ऐकू येऊ नये असं वाटत असतं तर तिला कानात बोळे घालूनच कामावर यावं लागलं असतं.

"साखर कंपनी नाही टाकत, मी टाकते," ती म्हणाली. "डॉक्टरांनी गोड बंद सांगितलंय ना तुम्हाला?"

"डॉक्टरला काय जातंय सांगायला. त्याला कुठं दिवसभर रोबोटच्या तोंडाशी बसायचं हाय."

"आणि माणूस नाही येत पुण्याहून. बाई येतेय. तृप्ती."

दत्तूचा कप ओठाशीच थांबला. "आपली तृप्ती?"

"आपलीच. भोसरीच्या त्या कॅमेरेवाल्या कंपनीत नाही का लागली? तिलाच पाठवताहेत."

खरं तर दत्तूने आनंदाने खिडकीवर थाप मारायला हवी होती. आशाच्या या लेकीला पहिल्यांदा सायकलवर बसवणारा तो, बारावीचा निकाल लागला तेव्हा अख्ख्या वेल्डिंग शॉपला पेढे वाटणारा तो. पण तो "बरं झालं" एवढंच म्हणाला, कप खाली ठेवला आणि निघाला. आशाने पाहिलं, अर्धा चहा तसाच होता. साखर नसली तरी दत्तूने तिच्या हातचा चहा कधी टाकला नव्हता. तो चहा त्याने इतकी वर्षं प्रसादासारखा संपवला होता. का, ते तिने कधी विचारलं नव्हतं.

अंबडच्या एमआयडीसीतली ही कंपनी जीपगाड्यांच्या खालचे लोखंडी सांगाडे जोडायची. आशाचा नवरा किशोर इथे वेल्डर होता. दहा वर्षांपूर्वी त्याचा जीव इथेच, रोबोटभोवतीच्या जाळीच्या पिंजऱ्यात गेला. त्यानंतर कंपनीने आशाला कॅन्टीनमध्ये घेतलं. घेतलं तेव्हा साहेब म्हणाले होते, "वहिनी, हे कंपनीचं घरच समजा." घर समजायला तिची ना नव्हती. पण ज्या घरात नवरा गेला त्या घरात रोज सकाळी आलं कुटायचं, हे काही सोपं नसतं.

किशोरची आणि रोबोटची गोष्ट सांगायची तर रोबोट आला तिथपासून सांगायला हवी. नारिंगी रंगाचा, माणसाहून उंच, एकच हात असलेला तो प्राणी खोक्यातून निघाला तेव्हा शॉपमधले वेल्डर हातातलं काम टाकून भोवती जमले होते. आता आपण घरी, असं सगळे धरून चालले. पण चार दिवसांत कळलं की हा हात ताकदवान खरा, थकत नाही हेही खरं, पण आंधळा आहे. त्याला हाताला धरून शिकवावं लागतं. रिमोटसारखा एक जड डबा गळ्यात अडकवायचा, पिंजऱ्यात शिरायचं, टॉर्चचं, म्हणजे वेल्डिंगची ठिणगी निघते त्या नळीचं, टोक जोडाच्या रेषेवर आणायचं आणि सांगायचं, ही जागा लक्षात ठेव. मग पुढची. मग त्याच्या पुढची. एकदा शिकला की तो तेवढंच करणार, जन्मभर. पत्रा सूतभर सरकला तर वेल्ड जोडावर न पडता शेजारी पडायचं. त्याला त्याचं सुखदुःख नव्हतं. मग कुणीतरी पुन्हा आत शिरून, टॉर्चला नाक लावून, एकेक जागा नीट करून द्यायची.

तो कुणीतरी म्हणजे किशोर. शिकवायला आत तो, आणि बाहेर रोबोट चालू-बंद करायच्या पॅनलवर दत्तू.

आता पॅनलवरून आतलं काही दिसत नसे. वेल्डिंगचा उजेड डोळ्यांना लागू नये म्हणून पिंजऱ्याला जाड काळा पडदा होता. दत्तूला दिसायचं फक्त फाटक. हाक मारावी तर शेजारी पत्रे दाबायचा प्रेस धडधडत असायचा, तिथे माणसाला स्वतःचंही बोलणं ऐकू येणार नाही. म्हणून दोघांनी एक रीत काढली. किशोरने सळईचा एक तुकडा वाकवून फाटकाला आकडा जोडला. आत जाताना तो डाव्या हातातला चामडी मोजा काढायचा आणि त्या आकड्याला अडकवायचा. फाटकावर मोजा आहे म्हणजे माणूस आत आहे. मोजा नाही म्हणजे चालू कर. इतकं सोपं. फाटक उघडलं की रोबोट आपोआप बंद पडावा असं एक बटण कंपनीकडून होतं, पण दर वेळी बंद पडला की पुन्हा सुरू करण्यात वेळ जातो, म्हणून ते कुणीतरी तारेने बांधून टाकलं होतं. कुणी, ते कधी कळलं नाही. बांधलेलं मात्र सगळ्यांनी पाहिलं होतं, साहेबांसकट.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कंपनीत काम कमी आणि झाडलोट जास्त. दुसऱ्या दिवशी यंत्रांची पूजा, त्या दिवशी घरची माणसंही यंत्र बघायला यायची. किशोर पूजा करायचा नाही. ते त्याच्या घरात नव्हतं. त्याचा सण दसऱ्याचा, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा, त्या दिवशी पांढरे कपडे घालून तिघं त्रिरश्मी लेणीवर जायची. पण खंडेनवमीला रोबोट पुसायचा तोच. "हळदकुंकू तुम्ही लावा," तो म्हणायचा, "आंघोळ मी घालतो. खातो ना त्याच्या जिवावर."

त्या वर्षी आदल्या दिवशी दुपारी तो एक जागा नीट करायला आत गेला, आणि रोबोट सुरू झाला.

आशा घरी पांढऱ्या पातळाला इस्त्री करत होती. दसऱ्यासाठी. ते तिला दसऱ्याच्या आधीच नेसावं लागलं.

चौकशी झाली. कागदावर आलं, कामगाराचा हलगर्जीपणा. साहेब घरी आले, खुर्ची दिली तरी उभेच राहिले आणि म्हणाले, "काय सांगू वहिनी, एक मोजा तेवढा टांगायचा होता. विसरला." शेजारी दत्तू सतरंजीवर मान खाली घालून बसला होता. तो ना हो म्हणाला, ना नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आलेला प्रत्येकजण तेच म्हणाला. विसरला हो. एवढा हुशार माणूस, आणि विसरला. सांत्वन करायला आलेली माणसं जाताना एक शब्द मागे ठेवून गेली, आणि तो घरात राहायला आला.

त्या शब्दाने आशाला रडू दिलं नाही. रडण्याआधी राग यायचा. सगळ्या जगाला दमात घेणारा हा माणूस, दारातून बाहेर पडला की जिन्यावरून परत यायचा, गॅस बंद आहे ना ते बघायला. बघून पुन्हा निघायचा आणि कधीकधी पुन्हा यायचा. हाच माणूस स्वतःचा जीव टांगायला विसरतो? रोज सकाळी कुलूप लावताना ती भिंतीवरच्या फोटोला सुनवायची, "मी गॅस बघितलाय. तुमच्यासारखी नाही मी." पोरगी कंपासपेटी विसरली तर तोंडातून निघून जायचं, "बापावर गेलीस." एकदा तृप्तीने ऐकून घेतलं, दोनदा घेतलं, मग ती काही विसरेनाशीच झाली. रात्री दप्तर भरायची, सकाळी रिकामं करून पुन्हा भरायची. मास्तरणी कौतुक करायच्या. आशाला मात्र ते दप्तर बघवायचं नाही, पण निघून गेलेलं वाक्य काही परत घेता येत नाही.

आणि या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट होती, तिकडे ती बघत नसे.

कंपनीने किशोरच्या वस्तू पिशवीत घालून दिल्या होत्या. डबा, घड्याळ, चपला आणि एक मोजा. उजवा.

टांगायला विसरला असता, तर डावा त्याच्या हातातच असायला हवा होता.

हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. कळलं आणि तिने ते पिशवीसकट कपाटात वर, रजयांच्या मागे ठेवून दिलं. कारण पुढचा प्रश्न विचारायचा तर तो दत्तूलाच विचारावा लागला असता. आणि दत्तू तर दर रविवारी पिंपळगावहून भावाच्या मळ्यातली भाजी घेऊन येत होता. सासरचे दीर दोन महिन्यांत पांगले, माहेरच्यांनी वर्षभर केलं. हा एकटा उरला. नळाचा वॉशर बदलणारा, तृप्तीच्या कॉलेजच्या फॉर्मसाठी रांगेत उभा राहणारा, पावसाळ्याआधी पत्र्यावर चढणारा. एक प्रश्न विचारायचा आणि हेही माणूस घालवायचं?

तरी एकदा तिच्या तोंडून निघालंच होतं. "दत्तूभाऊ, तो डावा मोजा..."

"वांगी लय कवळी हायेत वहिनी," दत्तू पिशवी उपडी करत म्हणाला. "आजच करा. उद्याला बिया धरत्याल."

तिने आजच केली. दत्तू जेवून गेला. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. कंपनीतही कुणी बोलत नसे. झाडलोट करणारी साळूबाई कधी खिडकीशी येऊन "आशाताई, मी काय म्हणते" असं सुरू करायची आणि मग म्हणायची, "जाऊ दे, आलं जरा जास्त घाल." शॉपमधल्या माणसांना न बोलण्याची चांगली सोय असते. प्रेस सुरू होईपर्यंत थांबायचं, मग ओठ हलले तरी चालतात.

तृप्ती आली ती दोन जड पेट्या आणि एक लॅपटॉप घेऊन.

"दुसरं गाव नव्हतं का तुमच्या कंपनीला?" रात्री ताट वाढताना आशाने विचारलं.

"होतं. औरंगाबाद होतं. मी हे मागून घेतलं."

आशा वाढता वाढता थांबली. मग भात वाढलाच. "आणि काय करणार तुझा तो कॅमेरा?"

"तू डोळे मिटून तव्यावर भाकरी टाकशील?"

"टाकीन की."

"आणि कुणी न सांगता तवा सरकवला तर?"

"हात भाजेल. भाकरी जमिनीवर."

"रोबोटचं तेच होतं. आता त्याच्या मनगटावर मी डोळा बसवणार. तो आधी बघेल, पत्रा कुठे आहे, जोड कुठून कुठे जातो. ते चित्र बाहेर कॉम्प्युटरवर दिसेल. आपण खुर्चीत बसून चित्रावर दाखवायचं, इथून इथपर्यंत. बाकीचं त्याचं तो ठरवेल. पत्रा सरकला तर तोही सरकेल." तिने घास घेतला, आणि ताटाकडे बघतच म्हणाली, "आत जावं लागणार नाही कुणाला. टॉर्चला नाक लावायला."

आशाने आमटीची वाटी तिच्याकडे सरकवली. फोटोतला किशोर जेवणाऱ्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत होता, नेहमीसारखा.

"तू त्या फोटोला बोलत नाहीस आज," तृप्ती म्हणाली.

"तुझ्यासमोर काय बोलायचं."

"लहान होते तेव्हा मला वाटायचं, बाबांनी एकदा तरी उलट उत्तर द्यावं तुला."

आशा उठली आणि पाणी आणायला आत गेली. पाण्याचा तांब्या ताटाशेजारीच होता.

कंपनीत दत्तू आणि तृप्तीचं दुसऱ्याच दिवसापासून वाजलं. म्हणजे भांडण असं नाही. दत्तू फक्त अडून राहिला. कॅमेऱ्यात धूर जाईल. जाऊ दे काका, काच बदलता येते. उजेडाने डोळा दिपेल त्याचा. दिपणार नाही काका, पेटण्याआधी बघतो तो. उंदीर वायरी खात्यात. सगळ्यांना वाटलं, म्हातारा नोकरीला घाबरला. आताचे साहेबही म्हणाले, "दत्तू, तुला कोण काढतंय? खुर्चीत बसायचंय आता." खुर्चीचं नाव निघताच त्याचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्याला तुरुंगात टाकायची भाषा केली.

एका दुपारी आशा चहाची किटली घेऊन शॉपमध्ये गेली. तृप्तीने पडदा बाजूला केला होता. नवीन रीत बरोबर चालते की नाही हे पडताळायला तिला जुनी चांगली चाल बघायची होती, म्हणून तिने दत्तूला रोबोटच्या पोटातला सर्वांत जुना प्रोग्राम लावायला सांगितला. टॉर्च पेटवायची नाही, नुसता हात फिरवायचा.

नारिंगी हात उठला. जोडाच्या रेषेवर आला. सावकाश, एका चालीने शेवटापर्यंत गेला. थांबला. आणि मग, काही कारण नसताना, दोन बोटं मागे आला. मग निघाला. पुढच्या जोडावरही तेच. शेवट, थांबणं, थोडं मागे.

आशाच्या हातातली किटली कलंडली. ही चाल तिने जिन्यावर हजारदा ऐकली होती. उतरलेली पावलं, मग शांतता, मग वर परत येणारी पावलं. गॅस बंद आहे ना?

"हे मागे कशाला येतंय?" तृप्तीने विचारलं.

"शेवटाला खड्डा राहतो," दत्तू पॅनलकडे तोंड करून म्हणाला. "तो भरून यायचं. तुझा बाप हातानं जोडायचा तवाबी असाच. वेल्डला शेवटी एकदा मागं वळून बघायला पाहिजे म्हणायचा. म्या हे कधी कुणाला बदलू दिलं नाय. तीन साहेब बदलले, हे तसंच हाय."

तृप्ती स्क्रीनकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "नव्यात हे नसेल काका. तो जाताजाताच भरत जाईल. वेळ वाचतो."

"वाचव," आशा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "आणि आज एकदा पुन्हा लाव."

दत्तूने पुन्हा लावला. तिघं बघत राहिली. ज्याला जिन्यातून दोनदा परत आल्याशिवाय राहवत नव्हतं, ज्याने एका लोखंडी हातालाही मागे वळून बघायला शिकवलं, तो माणूस मोजा टांगायला विसरला. आशाला ते वाक्य मनात धड पुरंही करता येईना. तिने दत्तूच्या पाठीकडे पाहिलं. पाठ हलत नव्हती. तिने चहा ओतला आणि निघून आली. तिला माहीत होतं की तिने विचारायला हवं, आणि हेही माहीत होतं की रविवारी पिशवी आली की ती पिशवीच घेणार.

खंडेनवमीचा आदला दिवस उजाडला. दत्तू दर वर्षी या दोन दिवसांत रजा टाकून पिंपळगावला जायचा, द्राक्षाच्या छाटणीला म्हणून. या वर्षी साहेबांनी रजा दिली नाही. उद्या पूजेच्या वेळी नवा कॅमेरा सुरू करायचा, मोठे साहेब येणार, आणि जुन्या पॅनलचं दत्तूशिवाय कुणाला कळत नाही. बिचारा सकाळपासून भिंतीला धरून चालल्यासारखा चालत होता.

शॉपमध्ये पाणी मारून झालं होतं. प्रेस बंद. सगळीकडे ओल्या फरशीचा आणि झेंडूचा वास. साळूबाई डोक्यावर तोरणांची पाटी घेऊन फिरत होती. पिंजऱ्यापाशी आली आणि तिने एक तोरण दत्तूपुढे धरलं. मग काहीतरी आठवल्यासारखं झटकन मागे घेतलं.

"तुला नाय देत बाबा," ती म्हणाली. "दहा वर्षांत फुलाला शिवला नाय हा."

आशा किटली घेऊन तिथेच उभी होती. साळूबाईने तिच्याकडे पाहिलं आणि पाटी उचलून भराभर पुढच्या यंत्राकडे गेली.

"काका, आई, इकडे या," तृप्तीने पिंजऱ्याच्या फाटकातून हाक मारली. तिच्या कपाळावर काळा डाग होता आणि चेहरा लहान पोरीसारखा फुलला होता. "एक गंमत दाखवते. कंपनीच्या कामात नाही हे. मी माझं केलंय."

तिने फाटकावर वरच्या बाजूला एक छोटा कॅमेरा बसवला होता. जुना आकडा अपघातानंतर कापून टाकलेला, त्याचं टोक तेवढं उरलं होतं. त्याच जागी तिने नवा आकडा लावून घेतला होता. खिशातून तिने नवाकोरा डावा हातमोजा काढला आणि आकड्याला अडकवला. पॅनलशेजारच्या स्क्रीनवर फाटकाचं चित्र दिसत होतं. मोज्याभोवती हिरवी चौकट आली आणि खाली लाल अक्षरं, माणूस आत आहे.

"ओळखतो तो मोजा," तृप्ती म्हणाली. "मोजा असेल तर काका, तुम्ही कितीही दाबा, रोबोट सुरू होणार नाही."

आशा किटली घेऊन एक पाऊल पुढे आली.

"पण तेवढं पुरत नाही ना," तृप्ती पुढे म्हणाली, आणि आता तिचा आवाज जरा खाली आला. "माणूस विसरतो. बाबा विसरले. म्हणून दुसरा डोळा आत लावलाय. मोजा नसला तरी तो आत माणूस शोधतो. सापडला तर बंद. मी सगळ्या तऱ्हेने बघितलंय, बसून, वाकून, पाठ करून." ती हसली. "आता तुम्ही बघा. मी आत जाते, बाबा उभे राहायचे तिथे. मोटर बंद आहे, घाबरू नका, मेन स्विचची किल्ली माझ्या खिशात आहे. काका, मी हाक मारली की तुम्ही मोजा काढायचा आणि पॅनलवर जाऊन बटण दाबायचं. मग स्क्रीन काय म्हणतो ते बघा."

ती आत गेली. काळा पडदा तिच्या मागे पडला. फाटक लागलं. बाहेरून दिसत होतं फक्त फाटक, आणि फाटकावर मोजा.

"काढा काका!"

प्रेस बंद होता. हाक अगदी स्पष्ट आली.

दत्तूने हात उचलला. मोज्यापर्यंत नेला. बोटं चामड्याला लागली आणि तिथेच राहिली. मग त्याने हात मागे घेतला, पुन्हा मोज्यावर ठेवला, पुन्हा मागे घेतला. स्क्रीनवरची हिरवी चौकट त्याच्या बोटांमुळे मिटायची, पुन्हा यायची, मिटायची, पुन्हा यायची.

"काका? काढला का?"

"नाय," दत्तू म्हणाला. ते आत ऐकू जाणार नाही इतकं हळू होतं. मग तो ओरडला, "बाहेर ये! तृपे, आधी बाहेर ये तू!"

"काका, मोटर बंद आहे. काही होणार नाही."

"बाहेर ये म्हणतो ना!"

पडदा बाजूला झाला. फाटक उघडून तृप्ती बाहेर आली आणि तशीच थबकली. दत्तू फाटकाला टेकून खाली बसला होता. मोजा आकड्यावरच होता, आणि त्याने तो दोन्ही हातांनी जागच्या जागी दाबून धरला होता, सुटून पडेल की काय अशा भीतीने. शॉपमधले खराटे थांबले होते. साळूबाई पाटी कमरेला लावून लांब उभी होती. तोंडाला पदर.

आशाने किटली खाली ठेवली. ती दत्तूच्या समोर ओल्या फरशीवरच बसली. आता भाजीची पिशवी नव्हती, वांगी नव्हती, प्रेस बंद होता. कुणाला कुठे पळायला जागाच राहिली नव्हती.

"दत्तूभाऊ," ती म्हणाली, "डावा मोजा त्यांच्या हातात नव्हता."

दत्तूने मान हलवली.

"मला पहिल्यापासून माहीत आहे. कुठे होता?"

"माझ्या खिशात," दत्तू म्हणाला. त्याने वर पाहिलं ते तिच्याकडे नाही, तृप्तीकडे. "तवाच्या साहेबानं तोरण दिलं. बांध म्हणला फाटकाला. आकडा एकच व्हता. मोजा काढला, खिशात कोंबला, म्हणलं तोरण बांधून झालं की लावतो परत. तेवढ्यात साहेब ओरडला, मालाची गाडी उभी हाय, चालू कर. पॅनलवर गेलो. सवयीनं फाटकाकडं बघितलं. फुलं दिसली. मोजा नव्हता."

त्याचे हात मोज्यावरून सुटले आणि मांडीवर पडले.

"किशोर नाय इसरला वहिनी. इसरलो म्या."